हळदीचा पिवळेपणा आणि कायद्याची नजर

वारंगा फाटा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) : नांदेडहून येणारा रस्ता जेथे फुटतो, एक फाटा हिंगोली-वाशीम-अकोल्याकडे आणि दुसरा हदगाव, उमरखेडमार्गे यवतमाळ-नागपूरकडे जातो, त्या वारंगा फाट्यावर प्रवासी उतरतो तो बहुधा खिचडीसाठी. रात्री-अपरात्रीही येथे वाफाळलेली पिवळी खिचडी मिळते. मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरून नियमित प्रवास करणाऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. या खिचडीला रंग देणारी हळद आसपासच्या शिवारांतच पिकते. हळदीच्या लागवडीत हिंगोली जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या मोंढ्यात हंगामात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वायगाव आणि सांगलीच्या हळदीनंतर हा मान मिळवणारी ती राज्यातील आणखी एक हळद ठरली.

ज्या मालाला असे नाव मिळते, त्या मालाची बदनामीही त्याच वेगाने होऊ शकते. हळदीच्या बाबतीत या बदनामीचे नाव आहे लेड क्रोमेट, म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांच्यापासून बनलेला गडद पिवळा रंग. हिंगोलीच्या मालात तो सापडला आहे, असा या लेखाचा दावा नाही. परंतु येथील हळकुंड पोत्यात भरून एकदा परराज्यात गेले की त्यावर कोणाचा हात फिरतो, तो कोणत्या रंगाने माखलेला असतो आणि त्या हातापर्यंत सरकारचा कायदा पोहोचतो का, हा प्रश्न येथील शेतकऱ्यालाही तितकाच लागू आहे जितका ती हळद खाणाऱ्याला.

लेड क्रोमेट हा मुळात कारखान्यातील रंग आहे. रस्त्यावरील पिवळे पट्टे, यंत्रसामग्रीला दिला जाणारा रंग, प्लास्टिक अशा कामांसाठी तो जगभर वापरला जात आला. तो स्वस्त आहे, उन्हात उडत नाही आणि थोडासा घेतला तरी पुष्कळ पिवळा दिसतो. हे तिन्ही गुण भेसळ करणाऱ्याच्याही सोयीचे आहेत. त्याच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग शुद्ध शिशाचा असतो. उरलेल्यातील क्रोमियम ज्या स्वरूपात असते, ते कर्करोगकारक मानले जाते. थोडे गणित केले तर याचे गांभीर्य ध्यानात येते. एक क्विंटल हळदीत जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम लेड क्रोमेट मिसळले, तरी शिशाचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमच्या वर जाते. दीड ग्रॅम म्हणजे चिमूटभरही नव्हे. प्रत्यक्षात मात्र भेसळ करणारा चिमटीने नव्हे, तर मुठीने रंग टाकतो. कारण एवढ्याशा रंगाने हळकुंडाला झळाळी येत नाही.

शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवते आणि गरोदरपणात हाडांतील कॅल्शियम बाळासाठी निघू लागले की त्याबरोबर शिसेही निघते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ हे त्याचे पहिले लक्ष्य असते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज मांडला होता आणि त्यात भारतातील मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी धरली होती. हे सर्व शिसे हळदीतून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग, भांडी असे त्याचे अनेक मार्ग आहेत. मात्र हळद हा असा मार्ग आहे, जो प्रत्येक घरात दररोज दोन वेळा उघडतो.

ड्रममध्ये काय घडते?

शेतातून निघालेली हळद आणि बाजारातील हळद यांच्यात दोन महिन्यांचे काबाडकष्ट असतात. जानेवारीपासून काढणी सुरू होते. गड्डे आणि हळकुंडे वेगळी केली जातात. मग ती शिजवली जातात. पूर्वी मोठ्या कढईत, खाली हळदीचाच पाला आणि पऱ्हाटी जाळून हे काम चालायचे, आता वाफेच्या कुकरने बरीच सोय केली आहे. शिजलेली हळद उघड्यावर पंधरा-वीस दिवस वाळते. वाळलेले हळकुंड दिसायला अगदीच कळाहीन असते. खरखरीत साल, मुळ्यांचे तंतू, मातकट रंग. ते फिरत्या ड्रममध्ये टाकून घासले की साल निघते आणि आतला पिवळेपणा वर येतो. यालाच पॉलिश म्हणतात. पॉलिशच्या शेवटी ड्रममध्ये थोडी हळद पूड पाण्यात कालवून शिंपडण्याची पद्धत आहे. त्यात गैर काहीच नाही, कारण हळदीवर हळदच चढते.

धोका याच टप्प्यावर आहे. हळद कमी-जास्त शिजली, वाळवणावर मार्चमधील अवकाळी पाऊस पडला किंवा भुरभुर गारा झाल्या की तिची कळा जाते. आतील गुण फारसा घटलेला नसला तरी रंग मलूल दिसतो. मोंढ्यात बोली लागते ती मूठभर हळकुंडे हातात घेऊन, मोडून आणि डोळ्यांनी पाहून. कुरकुमीन किती आहे, हे तेथे कोणी मोजत नाही. रंग, लांबी, वजन आणि चकाकी यांवर क्विंटलमागे भाव ठरतो. कळाहीन मालाला पिवळे करण्याचा मोह येथूनच जन्म घेतो. तो मोह शेतकऱ्यापेक्षा पुढच्या साखळीत अधिक असतो; कारण भिजका माल पडत्या भावात घेऊन, तो झळकवून चढ्या भावात विकण्याचे भांडवल आणि जागा त्यांच्याकडे असते.

या भेसळीचा इतिहास बांगलादेशात सर्वांत नीट नोंदला गेला आहे आणि तो आपल्याला ओळखीचा वाटावा असाच आहे. तेथे १९८० च्या दशकात पुराने हळद भिजली, काळवंडली आणि गिऱ्हाईक मागत असलेला पिवळाधमक रंग देण्यासाठी पॉलिश करणाऱ्यांनी रंगाच्या दुकानातील पिवळी पूड वापरायला सुरुवात केली. पूर ओसरले, पण सवय राहिली. पुढे गिऱ्हाइकाच्या डोळ्यालाच तो रंग खरा वाटू लागला. अनेक वर्षांनी ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का आढळते, याचा शोध घेताना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आणि ढाक्यातील संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हळद पिकवणाऱ्या नऊ प्रमुख जिल्ह्यांपैकी सात जिल्ह्यांत लेड क्रोमेटचा वापर आढळला होता.

हा शेजाऱ्यांचा प्रश्न आहे, असे समजण्याची सोय २०२४ मध्ये उरली नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून गोळा केलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे दहा लाख भागांत दोन भागांहून अधिक होते. पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत ते एक हजार भागांच्याही वर गेले. गुवाहाटी आणि चेन्नई येथेही मर्यादेबाहेरचे नमुने मिळाले. सर्वाधिक शिसे आढळले ते पॉलिश केलेल्या अख्ख्या हळकुंडांत आणि सुट्या हळदीत. नामांकित बंद पाकिटांतील हळद त्या मानाने बरी होती. ही बाब पुढे कायद्याचा विचार करताना लक्षात ठेवावी लागेल.

कायदा कोठून सुरू होतो?

आपल्याकडे कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मानके ठरवण्याचे काम केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे, तर ती पाळली जातात की नाही हे पाहण्याचे काम राज्याचे आहे. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. या प्रशासनाचे आयुक्त हेच राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त असतात. त्यांचे अधिकार लहान नाहीत. लोकहितासाठी एखाद्या अन्नपदार्थावर राज्यभर एक वर्षापर्यंत बंदी घालण्याचा अधिकार त्यांना आहे. जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर आलेली आणि पुढे वर्षानुवर्षे नव्याने काढली गेलेली बंदी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

हळदीबाबत २०११ च्या विनियमांत दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत आणि त्यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. हळदीच्या मानकात लेड क्रोमेटची चाचणी नकारार्थी आली पाहिजे, असे म्हटले आहे. म्हणजे हा रंग थोडाही चालणार नाही. दूषित घटकांच्या स्वतंत्र विनियमांत मात्र हळदीतील शिशाची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १० भाग अशी दिली आहे. जमिनीतून, पाण्यातून, धुळीतून थोडे शिसे येऊ शकते, म्हणून अशी मर्यादा असते. पण ती किती असावी? बांगलादेशाने ती अडीच भाग ठेवली. युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये मूळ व कंदवर्गीय मसाल्यांसाठी दीड भाग ठरवली. निर्मळ हळदीत शिसे सहसा याहूनही कमी असते. त्यामुळे दीड आणि दहा यांच्यामधील मोकळ्या जागेत हात राखून केलेली भेसळ प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मर्यादेत’ म्हणून निसटू शकते. निर्यातदाराला मात्र दीडचाच आकडा पाळावा लागतो. परदेशी ताटासाठी एक हळद आणि आपल्या खिचडीसाठी दुसरी, असा हा न्याय आहे.

यापेक्षाही मोठी फट दुसरीकडे आहे. कायद्याच्या कलम १८ नुसार शेतकरी, शेतीची कामे आणि शेतकऱ्याने शेताच्या पातळीवर तयार केलेला माल यांना हा कायदा लागू होत नाही. ही सवलत योग्यच आहे. काढणी करणाऱ्या कुटुंबाला परवान्याच्या कचेरीत उभे करणे कोणालाच परवडणारे नाही. शेतकऱ्याच्या हातून माल दुसऱ्याच्या हाती गेला की तो ‘अन्न’ ठरतो आणि कायदा सुरू होतो. त्यानंतर पॉलिश करणारा, साठवणारा, दळणारा, विकणारा असे सगळेच अन्न व्यावसायिक असतात आणि त्यांना नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पण ट्रॅक्टरवर ड्रम घेऊन शेतोशेती पॉलिश करत फिरणारा यातील कोण? माल शेतकऱ्याचा, जागा शेतकऱ्याची, ड्रम दुसऱ्याचा. त्याने ड्रममध्ये काय टाकले, हे पाहायला तेथे कोणीही नसते.

शिवाय तपासणीचा सगळा झोत पूड आणि पाकीट यांवर असतो. दळलेले मसाले सुटे विकण्यास विनियमांनी मनाई आहे, ते पाकिटातच विकावे लागतात. पाकिटावर नाव, पत्ता, परवाना क्रमांक असतो. नमुना घेणे, गुन्हेगार शोधणे सोपे जाते. अख्ख्या हळकुंडाला मात्र असे बंधन नाही. ते पोत्यातून उघडे विकले जाते, आठवडी बाजारात तराजूने मोजले जाते आणि घरची बाई ते निवडून, कुटून, गिरणीत दळून आणते. बाजारच्या पुडीपेक्षा घरी दळलेली हळद शुद्ध, या भरवशावर ती हे कष्ट घेते. २०२४ च्या अभ्यासाने बोट ठेवले ते नेमके या पॉलिश केलेल्या हळकुंडावर. थोडक्यात, शिसे जेथे शिरते तेथे कायद्याची नजर सर्वांत अंधूक आहे.

शिक्षेच्या तरतुदी वाचल्या तर कायदा कडक वाटतो. असुरक्षित अन्नाने कोणाचा मृत्यू झाला, तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि किमान दहा लाखांचा दंड आहे. गंभीर इजा झाली, तर सहा वर्षे आणि पाच लाख. कोणतीही इजा सिद्ध झाली नाही, तर मात्र पूर्वी सहा महिने कैद आणि एक लाख दंड होता, तो २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तीन महिने आणि तीन लाख असा झाला. शिशाची अडचण अशी की ते कोणालाही त्याच रात्री रुग्णालयात पाठवत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, अंगाने वाढत नाही. त्याचा संबंध दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या हळदीशी कोणत्या न्यायालयात जोडणार? त्यामुळे इतका गंभीर अपराध कायद्याच्या शिडीवर सर्वांत खालच्या पायरीवरच अडकण्याची भीती असते.

त्या मानाने कमी चर्चेतले कलम ५७ अधिक उपयोगाचे ठरावे. आरोग्यास घातक भेसळद्रव्य विक्रीसाठी आणणारा, साठवणारा, विकणारा यावर दहा लाख रुपयांपर्यंत दंड बसू शकतो आणि ‘मी दुसऱ्यासाठी ते ठेवले होते’ हा बचाव चालत नाही. हळदीच्या पॉलिश केंद्रात कारखान्यातील पिवळ्या रंगाचे पोते कशासाठी असावे, याला दुसरे उत्तर असण्याची शक्यता कमीच. तेथे नमुन्याच्या अहवालाची वाट पाहत बसण्याची गरज उरत नाही.

आता तो रंग बाजारात येतो कोठून, हेही पाहू. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम काढले आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. भिंतीच्या, दाराच्या रंगासाठी ही तरतूद चांगलीच झाली. औद्योगिक रंग मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजे लेड क्रोमेट तयार करणे, विकणे हा स्वतः गुन्हा नाही. ते हळदीत पडले की गुन्हा होतो. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या कायद्याखालील नियमांनी फार पूर्वीपासून मनाई केली आहे. खेळण्यांना २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. एकाच धातूवर चार वेगवेगळी खाती चार वेगवेगळ्या वस्तूंतून पहारा देत आहेत, असे हे चित्र आहे. या चार पहाऱ्यांच्या मधून एक वस्तू सरळ निघून जाते, ती म्हणजे पूजेची हळद. ‘फक्त पूजेसाठी’ असे छापलेली ही पुडी खाद्य म्हणून विकली जात नाही आणि प्रसाधन म्हणूनही नाही. हळदी-कुंकवाला हीच हळद कपाळाला लागते, लग्नात अंगाला लागते, जेजुरीला तर भंडारा म्हणून उधळली जाते आणि श्वासातूनही आत जाते. तिला कोणते मानक लावायचे, याचे सरळ उत्तर पुडीवर कोठेही सापडत नाही.

बांगलादेशाने काय केले, ते येथे सविस्तर सांगायला हवे, कारण तेथे नवा कायदा करावा लागला नाही. २०१९ च्या संशोधनानंतर तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुमारे पन्नास हजार पत्रके बाजारांत वाटली, वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ही भेसळ काय करते हे सांगितले. मग ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत क्ष-किरणांवर चालणारे हातातील यंत्र घेऊन पथक गेले. या यंत्राने हळकुंडातील शिसे जागच्या जागी, काही मिनिटांत कळते. फिरत्या न्यायालयाने दोन घाऊक व्यापाऱ्यांना आठ लाख टका दंड केला, सुमारे नऊशे किलो हळद जप्त झाली आणि ही कारवाई सर्वांना दिसेल अशी केली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२० च्या आरंभी हे प्रमाण पाच टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये एकही दूषित नमुना आढळला नाही. गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे तीस टक्क्यांनी घटले. हळदीच्या धुळीत दिवसभर उभा राहणारा हा कामगार आपल्याकडील चर्चेत येतच नाही.

हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यांत असे यंत्र ठेवता आले, तर त्याचा पहिला लाभ शेतकऱ्यालाच होईल. येथून निघालेल्या मालात शिसे नव्हते, याचा कागद त्याच्या हाती राहील आणि पुढे साखळीत कोठे रंग चढला, तर त्याचे खापर या मातीवर फुटणार नाही. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मलूल दिसणाऱ्या पण गुणाने चांगल्या हळदीला कुरकुमीनच्या प्रमाणावर भाव मिळण्याची सोय तेथून सुरू झाली, तर रंग चढवण्याचे कारणच कमी होईल. भाव डोळ्यांवर ठरतो तोवर डोळे फसवण्याचा धंदाही चालणार.

ग्राहकाच्या हातात काय आहे? प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती चाचणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात अख्खे हळकुंड टाकावे. निर्मळ हळकुंड लगेच रंग सोडत नाही, लेड क्रोमेट लावलेले टाकताच पाणी पिवळे करते. अर्थात ही केवळ शंका घेण्याची रीत आहे. शिसे किती, ते तिने कळत नाही आणि पाणी स्वच्छ राहिले म्हणून माल निर्दोष ठरत नाही. फार झळाळणारे, हाताला पिवळी पूड लावणारे हळकुंड टाळावे आणि जरा मातकट दिसणारे घ्यावे, हा अनुभवी स्वयंपाकघरातील सल्ला येथे विज्ञानालाही मान्य आहे.

खरेदीची पावती मात्र अवश्य घ्यावी. घाऊक व्यापाऱ्याने दुकानदाराला दिलेले बिल कायद्याच्या दृष्टीने मालाच्या शुद्धतेची लेखी हमी मानले जाते आणि त्याच धाग्याने तपास मागे मागे जाऊ शकतो. कलम ४० अन्वये कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तसे करणार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. नमुना सदोष निघाला, तर भरलेले शुल्क परत मिळते. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग केले जातात आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रार करताना दुकानाचे नाव, खरेदीची तारीख आणि उरलेली हळद जवळ असावी. दळून आणलेली नव्हे, अख्खी हळकुंडे.